लव्हॉनचं पहिलं घर

१

बुधवारी सकाळी आयडेला कॉबिन्सच्या स्वयंपाकघराचं छत ओट्यावर येऊन पडलं होतं आणि वरून पाण्याची धार चालू होती. लव्हॉन टिस्डेल दारात उभी राहून मला फोनवर एकच वाक्य सांगत होती, "मिस बर्नी, घर रडतंय." मी गाडी काढली.

मी बर्नाडेट झुपान. क्लीव्हलंडमध्ये घरांच्या होलसेलचा धंदा करण्यात माझे केस पिकले. धंदा सांगायला सोपा आहे. अडचणीतल्या मालकाशी करार करायचा, की अमुक तारखेपर्यंत अमुक भावाला घर घेईन. मग रोख घेणारं गिऱ्हाईक शोधायचं आणि तोच करार त्याच्या हाती सोपवायचा. मधला फरक आपला. स्वतःच्या खिशातली दमडी न घालता घर विकता येतं म्हणून नवशिके झुंडीनं येतात, आणि पहिल्या हिवाळ्यात निम्मे पळून जातात.

लव्हॉन पळणाऱ्यांतली नव्हती. शाळेची बस चालवून चालवून तिचे गुडघे गेले, तेव्हा ती आमच्या मंगळवारच्या बैठकीला यायला लागली. बोलिंगच्या हॉलमागच्या खोलीत आम्ही जमतो. हे तिचं पहिलंच घर, आणि त्याची मालकीण मिस आयडेला अठ्ठ्याहत्तर वर्षांची, घर सोडून सध्या पुतण्याकडे राहायला गेलेली. थकलेल्या करापायी काउंटी, म्हणजे जिल्ह्याचं सरकार, शुक्रवारी दुपारी ते घर ताब्यात घेणार होती. त्याआधी विक्री झाली तर कर भागून मिस आयडेलाच्या हाती काहीतरी उरणार होतं, आणि त्यावर ती ॲक्रनला बहिणीकडे ताठ मानेनं राहणार होती. नाही झाली तर हात हलवत जायचं.

मी पोचले तेव्हा लव्हॉन बादल्या लावत होती. मी तळघरात उतरून मुख्य नळ बंद केला. घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा काटा हवा तिथे होता, पण घर गरम ठेवणारी तळघरातली फर्नेस मेल्यासारखी पडली होती.

"तेल घालायचं राहिलं का?" लव्हॉननं विचारलं.

"गॅसवर चालते ती. घर विकायला निघालीस आणि एवढं माहीत नाही?"

तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी दोन बटणं होती, दोन्ही खाली. एक वर केलं तर खालचा दिवा लागला. दुसरं वर केलं आणि पायाखाली फर्नेस घरघरली. अशा जुन्या घरांत ते बटण लाल पट्टीवर असतं, कुणी चुकून हात लावू नये म्हणून. इथे मिस आयडेलाच्या दिवंगत नवऱ्यानं भिंतीबरोबर पट्टीही पांढरी रंगवून टाकली होती.

लव्हॉनच्या तोंडचं पाणी पळालं.

"मीच," ती म्हणाली. "रविवारी संध्याकाळी मी झाडून घेतलं आणि जाताना सगळे दिवे घालवले. इथून हात फिरवला असणार. मीच घालवली हो तिची ऊब."

२

मी लगेच तिची समजूत घातली नाही. माझा स्वभावच संशयी आहे, आणि या धंद्यात रडणाऱ्या माणसावर आधी संशय घ्यावा लागतो. मी तिला बादल्यांपाशी सोडलं आणि घरभर फिरले.

वर बाथरूममध्ये भिंतीतला नळ पाणी गोठून फुटला होता. कमोडचं झाकण नीट मिटलेलं. झोपायच्या खोल्यांचे पडदे दोन्ही बाजूंना सारखे बांधलेले. खाली स्वयंपाकघरात सिंकखालच्या कपाटाची दारं घट्ट लावलेली आणि नळही घट्ट बंद.

"नळ तू बंद केलास?"

"नाही. मिस आयडेलांनी बजावलं होतं, थंडीत बारीक धार सोडून ठेव आणि सिंकखालची दारं उघडी टाक, म्हणजे घरातली ऊब पाइपांना लागते. रविवारी तसंच ठेवून गेले."

"आणि आज सकाळी?"

"आज मी कशालाच हात लावला नाही. छतच बघत बसले."

समोरच्या खोलीत मात्र पाणी नव्हतं. लाकडी जमीन स्वच्छ झाडलेली, आणि समोरच्या भिंतीत हिरव्या फरशांची सुरेख शेकोटी. मागच्या बैठकीत लव्हॉननं या खोलीचा फोटो दाखवला होता तेव्हा सगळा हॉल हसला होता, कारण त्यात एक अवाढव्य पियानो आणि पियानोच होता. कपाटं उघडी, कमोडचं झाकण वर, खिडकीत वाळत घातलेले मोजे, अशा तिच्या बाकीच्या फोटोंवरही गार्लंड पेटी यानं एकेक करून टिंगल केली होती. गार्लंड आमचा गुरू. मला धंदा त्यानंच शिकवला.

"ही शेकोटी कुठून आली?" मी विचारलं.

"पियानोच्या मागे होती. मलाही रविवारीच दिसली. सकाळी मिस आयडेलांचा पुतण्या रॉस्को पियानो घेऊन गेला ना. म्हणून तर झाडायला आले होते मी."

"आत यायची किल्ली कुणाकुणाकडे?"

तिनं मान खाली घातली. किल्ली दारावरच्या आकड्यांच्या डबीत होती. गिऱ्हाइकांना घर बघता यावं म्हणून तिनं डबीचे आकडे बैठकीच्या ग्रुपवर टाकले होते. सगळ्यांच्या.

मी कपाळावर हात मारला. म्हणजे अख्खं क्लीव्हलंड या घरात जाऊन आलं तरी आम्हाला कळायचं नाही.

तेवढ्यात मागच्या दारानं स्वयंपाकघरात मिलान हर्बेक येऊन उभा राहिला. लव्हॉननं घरासाठी ठरवलेलं रोखीचं गिऱ्हाईक तोच. त्यानं छताकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसला. आम्ही फरशी पुसून होतो न होतो तोच त्याचा फोन आला. घेईन म्हणाला, पण इतक्या पडत्या भावात, की त्यातून काउंटीचा करही भागला नसता.

३

मिलान मला त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात भेटला. उकडलेल्या करंज्यांसारख्या पिएरोगी खात होता, मलाही ताट पुढे केलं.

"तू फोडलास का नळ?" मी सरळ विचारलं.

"बर्नी, मी आयुष्यभर फुटके नळ विकत घेतलेत. फोडायला कशाला जाऊ?"

"भाव पाडायला."

"शनिवारी पाहिलं तेव्हाच मला परवडत होतं. आता भिंती उकरायच्या, छत घालायचं, बुरशी येणार. त्या बाईचं वाईट वाटतं, पण मी काही देऊळ चालवत नाही."

"शनिवारनंतर गेला होतास?"

"गेलो असतो तर तुला कळलंच असतं. मी घर कसं बघतो ते तुला ठाऊक आहे. पलंगाखाली वाकून बघतो, कपाटं उघडतो, आणि परत लावत नाही. माझी बायको त्यावरून रोज ओरडते." हे मात्र खरं होतं. त्याच्या दुकानातही प्रत्येक खण अर्धा बाहेर होता.

रॉस्को कॉबिन्स त्याच्या गॅरेजमध्ये पियानोला घोंगड्या गुंडाळत होता. काकीनं घर विकू नये असं त्याला वाटे, आणि ते त्यानं लपवलंही नाही.

"त्या घरात मी वाढलो," तो म्हणाला. "एक बसवाली बाई येते, काकीला गोड बोलते, आणि आठवड्यात सही घेते. तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मला राग आला असता. बटण खाली करण्याइतका आला असता का, ते माहीत नाही."

तो घोंगडी टाकून माझ्यासमोर आला. "ते बटण कुठलं ते मला लहानपणापासून माहीत आहे. काकांनी पांढरं रंगवलं त्या दिवशी काकीनं त्यांना जेवायला वाढलं नव्हतं. पण ऐका बाई, शुक्रवारी घर काउंटीनं घेतलं तर मला काय मिळणार? काकी रिकाम्या हातानं ॲक्रनला जाईल. तिला तसं बघायचंय का मला?"

"काकीला कोण दोषी वाटतं?"

"ती बसवालीच. तिनं स्वतः फोन करून सांगितलं ना, माझ्या हातून झालं म्हणून. काकीनं तेव्हापासून तिचा फोन उचललेला नाही."

मी गाडीत बसले ती चिडूनच. लव्हॉननं माझं मत यायच्या आत गुन्हा कबूल करून टाकला होता. असल्या प्रामाणिक माणसांबरोबर तपास करणं म्हणजे डोक्याला ताप.

पण मनात पाल चुकचुकत होती. घर गोठवायचं असेल तर माणूस फर्नेस बंद करील, नळही बंद करील. मान्य. पण कमोडचं झाकण कशाला मिटेल? पडदे कशाला बांधील?

४

गुरुवारी सकाळी मी गार्लंडकडे गेले. मदत मागायला. खरंच मदतच मागायला गेले होते मी.

त्याच्या ऑफिसात भिंतभर त्यानं विकलेल्या घरांचे फोटो आहेत. एकेक खोली अशी उजळलेली की वाटावं, आत आपणच राहायला जावं. मी कॉफी घेत ते बघत बसले.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "बिचारी लव्हॉन. मी सांगितलं होतं, पहिल्याच फटक्यात म्हाताऱ्या माणसाचं घर घेऊ नकोस. मनाला लागतं."

"तू बघितलंस का ते घर?"

"छे. तिच्या त्या महान फोटोंतून बघितलं तेवढंच." तो हसला. "वाळत घातलेले मोजे मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"कुणी घेईल का रे अजून? उद्या दुपारपर्यंत?"

"आता? फुटक्या नळाचं? कोणी हात लावणार नाही." त्यानं उसासा टाकला. "वाईट वाटतं गं. घर तसं देखणं होतं. नुसती समोरची खोली घे, त्या हिरव्या फरशांच्या शेकोटीसाठीच बाहेरगावच्या एखाद्या गिऱ्हाइकानं उडी मारली असती."

मी कॉफी संपवली. त्याला म्हटलं, बघते, आणखी कुणाला तरी विचारून बघते. जिना मी भराभर उतरले. रागानं की दुःखानं, ते मला अजून सांगता येत नाही.

मी गाडीत बसून राहिले. हिटर लावला, तरी गार वाटत होतं. ज्या माणसानं मला करार वाचायला शिकवला, माझा नवरा गेला तेव्हा महिनाभर माझी कामं बिनबोभाट उरकली, त्याच माणसाला मी खोटं बोलताना पकडलं होतं. मग मी परत जिना चढले.

५

"हिरवी शेकोटी," मी दारातूनच म्हटलं.

"काय?"

"लव्हॉनच्या फोटोत शेकोटी नाही, गार्लंड. तिच्यापुढे पियानो होता. पियानो रविवारी सकाळी गेला. तू त्यानंतर आत होतास."

"कुणीतरी बोललं असेल मला. मिलान..."

"मिलाननं शनिवारी पियानोच पाहिला. बुधवारी आला तो स्वयंपाकघरातूनच परत फिरला. आता माझं ऐक. मी कालपासून विचार करतेय, की चोर कमोडचं झाकण कशाला मिटेल. पडदे सारखे बांधतो, कपाटांची दारं लावतो, नळाची धार थांबवतो, हा कसला चोर? मग तुझ्या या भिंतीकडे बघितलं. फोटो काढायच्या आधी तूच आम्हाला शिकवलंस हे सगळं. झाकण खाली, दारं बंद, पडदे बांधलेले, आणि घरातला प्रत्येक दिवा चालू."

तो खुर्चीत बसला.

"प्रत्येक दिवा," मी म्हटलं. "दिसलं बटण की वर. आणि निघताना दिसलं बटण की खाली. जिन्याच्या तोंडाशी दोन होती. त्यातलं एक दिव्याचं नव्हतं."

त्यानं टेबलावरचे कागद बाजूला सारले. म्हणाला, "सोमवारी गेलो होतो. ॲरिझोनात एक बाई आहेत, फोटो बघूनच घेतात. मिलानपेक्षा चांगला भाव द्यायला तयार झाल्या. म्हटलं, आधी त्यांचं पक्कं करू, मग लव्हॉनशी बोलू."

"तिचं घर तिला न विचारता आपलं म्हणून विकायला काढलंस. अरे, बैठकीत पहिल्या दिवशी तूच सांगतोस ना, दुसऱ्याच्या कराराला हात लावू नका?"

"बर्नी, ते बटण मला माहीत नव्हतं. आईची शपथ."

"तेवढं कळतंय मला. बटण चुकून गेलं. पण बुधवारपासून ती बाई स्वतःला खात बसलीय, आणि तुला माहीत होतं, की तू तिच्यानंतर आत गेला होतास."

मी त्याच्यासमोर फोन सरकवला.

"ॲरिझोनाला लाव. नळ फुटला, छत पडलं, सगळं खरं सांग. दुरुस्ती तुझ्या खिशातून. मिस आयडेलाला ठरलेल्यापेक्षा एक छदाम कमी मिळाला तर मी काय करीन ते तुला माहीत आहे."

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

"तर घर तू घेशील."

त्यानं नंबर फिरवला. ॲरिझोनाच्या बाईंनी त्याला धरून इतके प्रश्न विचारले, की जानेवारीत त्याच्या कपाळावर घाम आला. मी उठले नाही. अखेर त्या हो म्हणाल्या.

६

शुक्रवारी घरांची मालकी तपासून विक्री पुरी करणाऱ्या टायटल कंपनीच्या ऑफिसात सह्या झाल्या, दुपारच्या बऱ्याच आधी. मिस आयडेला चर्चला जायची टोपी घालून आली होती. गार्लंडनं तिच्यासमोर उभं राहून सांगितलं, की फर्नेस माझ्या हातून बंद झाली. तिनं चष्म्यावरून त्याला नीट न्याहाळलं.

"तुम्हाला कुणी आत बोलावलं होतं?"

"नाही, मॅडम."

"मग बसा," ती म्हणाली, आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही.

सह्या झाल्यावर ती लव्हॉनकडे वळली. "पोरी, दोन दिवस मी तुला मनात नाही नाही ते बोलले. एक तर असं होतं, की पाद्रीबाबांना सांगायला लागेल."

"चालेल, मिस आयडेला. मीही स्वतःला तेच म्हणत होते."

दोघी हसल्या. आणि मग लव्हॉनला एकदम रडू आलं, तेव्हा मिस आयडेलानं तिला जवळ घेतलं आणि टोपी वाकडी झाली तरी सरळ केली नाही. मी खिडकीबाहेरचा बर्फ बघत राहिले.

बाहेर पडताना गार्लंडनं लव्हॉनला गाठलं. तो माफी मागेल असं मला वाटलं. मागितलीही, पण त्याला तिथे थांबता आलं नाही.

"पण खरं सांग, लव्हॉन, माझ्या फोटोंशिवाय हे घर आज विकलं गेलं असतं का?"

लव्हॉननं प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं," ती म्हणाली. "पण मिस्टर पेटी, मिस आयडेलांनी दार मला उघडलं होतं."

ती मिस आयडेलाला ॲक्रनला सोडायला निघून गेली. गार्लंड आणि मी गाड्यांपाशी उरलो.

"मंगळवारी हे सगळ्यांना सांगणार आहेस?" त्यानं विचारलं.

"तू सांगणार आहेस. तू नाही सांगितलंस तर मी."

मंगळवारी हॉल भरला होता. बातमी आधीच फुटली होती. गार्लंड नेहमीसारखा पुढे उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. छान सांगितलं, तो बोलायला पहिल्यापासूनच हुशार. जुन्या घरात फर्नेसचं बटण कुठे असतं, रंगवलेली पट्टी कशी ओळखायची, दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय जाऊ नये, आपल्यासारखा मुरलेला माणूसही कसा चुकतो. नवशिके माना डोलावत लिहून घेत होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, झालं, याचा धडा झाला आणि हा परत गुरू झाला.

तेव्हा मागच्या रांगेत लव्हॉननं हात वर केला.

"एक विचारू? बुधवारी सकाळी ग्रुपवर मी लिहिलं, की माझ्या चुकीनं नळ फुटला. ते तुम्ही वाचलंत?"

"वाचलं," गार्लंड म्हणाला.

"मग मिस बर्नी तुमच्याकडे येईपर्यंत तुम्ही काय करत होता?"

कुणी लिहीत नव्हतं आता. भिंतीपलीकडे बोलिंगचा चेंडू घरंगळत गेल्याचा आवाज तेवढा आला. गार्लंडनं हॉलभर नजर फिरवली आणि मग माझ्याकडे बघायला लागला. अडचणीत सापडला की तो नेहमी माझ्याकडेच बघतो, आणि मी काहीतरी बोलून त्याला सोडवते.

त्या दिवशी मी बोलले नाही.

"मी आशेवर होतो," तो अखेर म्हणाला, "की कुणाला कळणार नाही."

लव्हॉननं हात खाली घेतला. "बरं," ती म्हणाली, "हे पण लिहून घ्या सगळ्यांनी."